खैरुन्निसा मॅडमची दोन उत्तरं

खैरुन्निसा मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या प्राचार्यांना ‘माहीत नाही’ असं सांगत होत्या. यवतमाळच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला मी रुजू झाले, त्याच दिवशीची ही गोष्ट. वसतिगृहातल्या मुलींची पोटं बिघडली होती आणि टाकीचं पाणी चांगलं आहे की वाईट हे विचारायला प्राचार्य स्वतः प्रयोगशाळेच्या दारात आले होते. मॅडम हातातली परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरून बघत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, “माहीत नाही, सर.”

“अहो, तुम्ही विभागप्रमुख आहात.”

“म्हणून तर माहीत नाही म्हणून राह्यली. दुसरं कोणी असतं तर चांगलं आहे म्हणून मोकळं झालं असतं. उद्या संध्याकाळी या, तोवर माहीत करून ठेवते.”

प्राचार्य गेले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, नाव विचारलं आणि म्हणाल्या, “वैशाली, चहा घेशील? दूध नासलं आहे का ते मात्र माहीत नाही.” मग त्यांनी पातेलं नाकाशी धरलं आणि चहा ठेवला.

त्या यवतमाळच्याच. वडील जिनिंग प्रेसमध्ये फिटर. जुन्या जिनिंगमागच्या गल्लीत त्यांचं घर होतं, आणि कापसाचे बारीक तंतू त्या गल्लीत बारा महिने उडत असायचे. मॅडमनी लग्न केलं नाही. भाऊ, भावजय, भाचे अशा भरल्या घरात त्या राहत. वर्गात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण खडू खाली ठेवला की वऱ्हाडी सुरू. विद्यार्थ्यांना मात्र त्यांचं वर्गात मधूनच वऱ्हाडीत घसरणं आवडायचं. एकदा एका मुलाने विचारलं, की देवीची लस टोचून देवी गेली, मग हैज्याची, म्हणजे कॉलऱ्याची, लस टोचून हैजा का जात नाही? मॅडम टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

“सुई टोचली की पहारेकरी तयार होतात, पण ते रक्तात फिरतात. हैजा रक्तात येतच नाही. तो तोंडातून येतो, आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो आणि तिथूनच अंगातलं सगळं पाणी ओढून बाहेर काढतो. म्हणजे चोर बाजारात फिरून राह्यला अन् तुमचे पोलीस कलेक्टर ऑफिसात बसून राह्यले. पहारा पाहिजे तो अस्तरावर. त्यासाठी लससुद्धा चोराच्याच रस्त्यानं, तोंडातून गेली पाहिजे.”

“मग अशी लस आहे का, मॅडम?”

“करून राह्यले लोक. किती वर्षं टिकते, कोणाले लागू पडते, कोणाले नाही, ते अजून नक्की माहीत नाही.”

हे त्या ऐकीव सांगत नव्हत्या. तरुणपणी पूर्वेकडच्या एका मोठ्या संस्थेत त्यांनी काही वर्षं काम केलं होतं, आणि तोंडाने घ्यायच्या लसीची चाचणी तिथल्या वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन केली होती. मग एकाएकी नोकरी सोडून त्या यवतमाळला परत आल्या. आई आजारी होती म्हणून, असं सगळे सांगत. मीही तेच धरून चालले होते.

ती कापसाची वाईट वर्षं होती. रोजच्या पेपरात कुणा ना कुणाच्या औषध प्यायल्याची बातमी असायची. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. कपाशीवर औषध मारतात, माणूस औषध पितो, आणि तापावर डॉक्टर देतो तेही औषधच. या एका शब्दाने ढाणकीजवळच्या एका गावात काय घोळ घातला, तो मी डोळ्यांनी पाहिला.

पावसाळा सरत आला होता. उमरखेड भागातले एक आरोग्य अधिकारी मॅडमच्या भावाचे जुने वर्गमित्र. त्यांचा सकाळीच फोन आला. एका घरातला म्हातारा उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पोचण्याआधीच गेला होता. त्याची बायको आणि मोठा मुलगा ग्रामीण रुग्णालयात भरती होते. हैजा वाटतो, पण गावात वेगळंच बोललं जात आहे. नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले आहेत, उत्तर यायला वेळ लागेल. तुम्ही येऊन बघता का, असं ते विचारत होते. मॅडमनी लहान सूक्ष्मदर्शक पिशवीत घातला, जंतू तग धरतील अशा द्रावणाच्या बाटल्या माझ्या हातात दिल्या आणि आम्ही एसटीने निघालो.

रुग्णालयाच्या बाहेर ओट्यावर एक बाई बसली होती. मांडीवर लहान मुलगी झोपलेली. आजूबाजूला इतर पेशंटांचे नातेवाईक होते, पण तिच्या दोन्ही बाजूंना बरीच जागा रिकामी होती. ती त्या घरातली सून, रंजना. माहेर केळापूरकडचं.

झालं होतं ते असं. सासरा गेल्यावर सासू आणि नवऱ्याला रुग्णालयात आणलं, तेव्हा नर्सने रीतसर विचारलं, “यांना घरी काही औषध दिलं होतं का?” रंजनाने सांगितलं, “हो, मीच देल्लं. मामंजीलेबी देल्लं.” मेडिकलमधून आणलेल्या जुलाब बंद व्हायच्या गोळ्यांबद्दल ती बोलत होती. मागे तिचा, गावातच वेगळं घर करून राहणारा दीर गजानन उभा होता. त्याने ऐकलं ते एवढंच, की वहिनीने औषध दिलं. दुपारपर्यंत गावभर झालं, की सुनेने जेवणात फवारणीचं औषध कालवलं. ते खरं वाटायला एक कारणही होतं. त्या घरातली मोठी माणसं सगळी आडवी झाली होती आणि स्वयंपाक करणारी रंजना तेवढी धडधाकट होती. गजाननने घराला कुलूप लावलं. पोलीस येऊन विचारून गेले. म्हाताऱ्याचे अंत्यसंस्कार आम्ही पोचायच्या आधीच आटोपले होते.

मॅडमनी सासूचा आणि नवऱ्याचा नमुना घेतला. मग बाहेर येऊन रंजनासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, “तुलेबी द्यावा लागेल.”

“मले तं काहीच झालं नाई, मॅडम.”

“म्हणूनच पाहिजे.”

एका खोलीत टेबल मोकळं करून मॅडमनी सासूच्या नमुन्याचा थेंब काचेवर लटकवला आणि भिंगाला डोळा लावला. नंतर मला बघायला सांगितलं. उन्हात चिलटांचा थवा घोंघावतो तसे जंतू सैरावैरा धावत होते. मी म्हटलं, “हैजाच आहे.” मला वाटलं, आता बाहेर जाऊन त्या गजाननला हे सांगतील आणि सगळं मिटेल.

गजानन दारातच उभा होता. “काय निंगालं, मॅडम?”

“हैज्यासारखं दिसून राह्यलं. पण जंतू वाढवून पाह्यल्याशिवाय मी सांगणार नाही.”

“म्हंजे जहर नाई?”

“ते मी म्हटलं नाही. माहीत नाही. दोन दिवस थांबा.”

मला राग आला. परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ती बाई ओट्यावर बसून राहणार होती, लेकराला घेऊन, आणि एक शब्द बोलायला यांचं काय जात होतं? मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, आणि पाठीवर पंप घेतलेली माणसं तोंडाला काही न बांधता फवारत चालली होती. “त्याच आठवड्यात त्या गावातून अजून दोघं आले म्हणे उलट्यांचे,” मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. “दोघंही फवारणी करून आलेले. औषध नाकातोंडात गेलं तरी उलट्या होतात, जुलाब होतात. त्यांचं काय आहे, कोणाले माहीत?”

पुढचे दोन दिवस आम्ही प्रयोगशाळा सोडली नाही. सासूच्या नमुन्यातून जंतू वाढवायच्या बशीवर पिवळ्या टिकल्या उगवल्या, अगदी पुस्तकातल्यासारख्या. तपासून पाहिलं, हैजाच. नवऱ्याच्या नमुन्यातून काहीच उगवलं नाही. त्याला आधीच प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. येताना गावच्या विहिरीचं पाणी भरून आणलं होतं, त्यातूनही काहीच आलं नाही. आम्ही जाण्यापूर्वीच कोणीतरी तिच्यात ब्लीचिंग पावडर ओतली होती. आणि रंजनाच्या बशीवर पिवळ्या टिकल्या होत्या.

मी ती बशी कितीतरी वेळ हातात धरून उभी राहिले. धडधाकट बाईच्या पोटात हैज्याचा जंतू. मॅडमनी समजावलं, की असं पुष्कळांचं होतं. जंतू जातो, अस्तर त्याला बसू देत नाही, किंवा बसू देतं पण माणूस पडत नाही. का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. मग माझ्या डोक्यात आलं ते मी बोलून टाकलं. “म्हणजे तिच्यामुळेच घरात आला असेल? स्वयंपाक तीच करते.”

“असेल. किंवा विहिरीतून सगळ्यांले एकदम लागला असेल, तिलेही. विहीर आता काही सांगत नाही.”

“आणि म्हातारा?”

मॅडमनी नुसता हात हलवला. म्हाताऱ्याचं तपासायला काहीच उरलं नव्हतं.

आम्ही पुन्हा गेलो. या वेळी ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात सगळे जमले होते: अधिकारी, पोलीस, गजानन, गावातली माणसं. रंजना खांबाजवळ उभी होती. मला धास्ती होती, कारण मॅडमचा स्वभाव मला माहीत होता. त्या एकेक बशी सांगत जाणार, सासूचं होय, नवऱ्याचं माहीत नाही, सुनेच्या पोटात जंतू, म्हाताऱ्याचं माहीत नाही, आणि गाव त्यातून हवं तेवढंच उचलणार. जहराच्या आळातून सुटलेली बाई रोग आणणारी ठरली असती.

मॅडम उभ्या राहिल्या. “हैजा आहे,” म्हणाल्या. “सासूलेही होता, हिलेही. ही पडली नाही एवढंच. पाणी एकच, जंतू एकच. हिनं दिलं ते औषध मेडिकलच्या गोळ्या होत्या, त्याचं पाकीट डॉक्टरांनी पाह्यलं आहे.”

गजाननने विचारलं, “अन् माह्या बापाले? त्याईलेबी हैजाच?”

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली. “हो,” म्हणाल्या. “त्याईलेबी हैजाच होता.”

गजानन खाली बसला आणि रडायला लागला. मला वाटतं तोवर तो रडलाच नव्हता. पोलिसांनी टोपी घातली. सासू बरी होऊन घरी आली, तेव्हा तिने आल्या आल्या कुलूप काढायला लावलं आणि सुनेला हाताला धरून आत नेलं, असं आम्हाला नंतर कळलं. नवराही उठला. गावात आणखी काही जण आजारी पडले, पण मीठ-साखरेचं पाणी आणि सलाईन वेळेवर मिळालं आणि सगळे वाचले.

परतताना मी विचारलं, “मॅडम, म्हाताऱ्याचं तुम्हाला कसं कळलं?”

“नाही कळलं.”

“मग?”

त्या मी विचारलं त्यापेक्षा वेगळंच बोलल्या. “तिकडं लस द्यायचो ना, तेव्हा दोन तऱ्हेच्या बाटल्या असत. एकीत लस, एकीत नुसतंच पाणी. वरून सारख्या. कोणती कोणती ते देणाऱ्यालेही माहीत नसे. तसंच पाहिजे, नाहीतर चाचणी खोटी होते. एक म्हातारी होती, मले बेटी म्हणे. लस प्यायला तयार नव्हती. मी समजावलं, माह्या हातानं पाजलं. दुसऱ्या पावसात ती हैज्यानं गेली. पुढे बाटल्यांच्या खुणा उघडल्या. कोणाले काय दिलं, सगळं कळणार होतं. सगळ्यांनी पाह्यलं. मी तिचं नाही पाह्यलं.”

“का?”

“लस असती तर लस खोटी झाली असती, पाणी असतं तर मी. मी सामान भरलं अन् घरी आली.” मग म्हणाल्या, “आई आजारी होतीच.”

एवढं सांगून त्यांनी डोळे मिटले. मला ते ऐकून समाधान झालं नाही, गोंधळ वाढला. जन्मभर ‘माहीत नाही’ म्हणणारी बाई, जे सहज माहीत होणार होतं ते टाळून आली होती. आणि जे माहीत होणं शक्य नव्हतं ते आज चारचौघांत ठासून सांगून आली होती. यातल्या कोणत्या मॅडम खऱ्या, ते मला लावता येईना.

त्या हिवाळ्यात रंजना यवतमाळला आली. सासूचे डोळे तपासायचे होते. सासूला दवाखान्याच्या रांगेत नवऱ्यापाशी बसवून ती एकटी विचारत विचारत कॉलेजात पोचली. सोबत घरच्या तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. मॅडमनी तिला स्टुलावर बसवलं, चहा केला. चहा संपला तरी ती उठेना. शेवटी म्हणाली, “मॅडम, एक इचारू? तुमी पंचायतीत सांगतलं, मामंजीले हैजा झालता. खरंच झालता काय?”

मॅडमनी विचारलं, “काहून विचारतेस?”

मग तिने सांगितलं. त्या दिवशी सासरा फवारणी करून आला आणि हात न धुताच ताटावर बसला. नातीला जवळ ओढून तिच्या तोंडात घास द्यायला लागला. रंजनाने पोरगी हिसकावून घेतली, ताट उचललं, आणि नाही ते बोलली. “म्या म्हटलं, तुमाले मरायचं असन तं मरा, माह्या पोरीले कायले मारून राह्यले. ते काईच बोलले नाई. उपाशीच उठले अन् वावरात गेले. औषधाचा डबा तिथंच झोपडीत राहे. संध्याकाळी आले ते ओकतच आले. म्या कोनालेच सांगतलं नाई, मॅडम. सासूलेबी नाई.”

प्रयोगशाळेत स्टोव्हचा वास होता आणि बाहेर मुलं प्रॅक्टिकलसाठी जमायला लागली होती. मी मॅडमकडे बघत होते. ‘हैजा’ एवढा एक शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला असता तरी पुरे होतं. एकदा उच्चारून झालाच होता.

“मले माहीत नाही, रंजना,” मॅडम म्हणाल्या. “तपासाले काहीच नव्हतं. हैजा असू शकते, घरात होताच. औषध प्यायले असूही शकते. फवारताना पोटात गेलं असंही असू शकते. पंचायतीत मी बोलली ते माहीत नसताना बोलली.”

रंजनाने मान खाली घातली. मॅडमनी स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

“पाहिजे तर म्हणते हैजा,” मॅडम हळूच म्हणाल्या. “तू म्हणशील तर आत्ता म्हणते.”

“नोको,” रंजना म्हणाली. मग कप धुवून पालथा घातला आणि सासूचा नंबर लागला असेल म्हणून निघाली.

ती गेल्यावर मी मॅडमना बोलले. गावाला एक उत्तर आणि तिला दुसरं, आणि जिला दिलाशाची गरज होती तिलाच नेमकं कोरडं, हे मला पटलं नाही, असं सरळ सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. “तिनं विचारलं ते खरं कळावं म्हणून विचारलं,” त्या म्हणाल्या. “गजाननले खरं नको होतं.” पण हे म्हणताना त्यांचाच आवाज खात्रीचा नव्हता. त्या दिवशीचं प्रॅक्टिकल मला घ्यायला सांगून त्या घरी गेल्या. अशा त्या कधी गेल्या नव्हत्या.

पुढे त्या वर्षातून एकदोनदा त्या गावी जाऊन येत. निमित्त विहिरीच्या पाण्याचं. रंजनाकडे जेवून येत. दोघी काय बोलत, मला कधी कळलं नाही. रंजनाची मुलगी शाळेत जायला लागली. गजानन हातपंपाच्या दुरुस्तीसाठी पंचायतीत खेटे घालतो, असं मॅडम एकदा कौतुकाने म्हणाल्या. त्या निवृत्त झाल्यानंतर तोंडाने घ्यायची हैज्याची लस आपल्या देशात तयार होऊ लागल्याची बातमी आली. मी पेपर घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी बातमी दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला. मी विचारलं, “आपल्याकडच्या गावांत कधी येईल?” त्यांनी काय उत्तर दिलं, ते सांगायला नको.

काही वर्षांनी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्या डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होत्या. भाचीने कानाशी जाऊन माझं नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं नाही. भावालाही ओळखत नव्हत्या. मी हात धरून बसले, बोट हललं असं एकदा वाटलं. शुक्रवारी त्या गेल्या.

रंजनाला उशिरा कळलं. ती आली तेव्हा आठवडा उलटला होता. मॅडमच्या घरी न जाता आधी कॉलेजात आली, कारण तिला तेच ठिकाण माहीत होतं. केस पिकायला लागले होते. मी तिला त्याच स्टुलावर बसवलं. मॅडम कशा गेल्या, त्रास झाला का, कुठे पुरलं, सगळं तिने विचारलं आणि मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. मग ती म्हणाली, “जाताना माह्यी आठवन काढली काय त्याईनं?”

“काढली,” मी म्हटलं.

“काय म्हटलं?”

“रंजना कशी आहे म्हणून विचारलं.”

तिने पदराने तोंड पुसलं. “मले वाटलंच होतं,” ती म्हणाली. मग म्हाताऱ्या सासूला एकटं ठेवून आले, असं सांगून ती उठली. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले, ऑटोत बसवलं. ऑटो वळणावरून दिसेनासा झाल्यावरही मी तिथेच उभी होते. मॅडम ऐकत असत्या तर मला रागावल्या असत्या की शेजारी स्टूल ओढून बसल्या असत्या, हे मी ठरवायचा प्रयत्न करत होते. मागून शिपाई सांगायला आला, की प्रॅक्टिकलची मुलं केव्हाची खोळंबली आहेत.